खसखशीचे रिव्हेट

रंगाऱ्याला गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. रंग कुठला आणि टिकणार किती. घासणार किती, असं मला उभ्या आयुष्यात एकाच माणसानं विचारलं, आणि त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

लोकांना वाटतं रंगारी म्हणजे ब्रश. खरं म्हणजे दिवसभराच्या कामात ब्रश तासभर हातात असतो, बाकी सगळा वेळ काचकागद. लाकूड घासायचं, भेगा-खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की घासायची. अस्तराचा हात द्यायचा, तोही घासायचा. मग रंगाचा पहिला हात, पुन्हा घासणं, मग दुसरा. खाली खडबडीत असेल तर वरचा रंग ते झाकत नाही, उलट चारचौघांत दाखवतो. हे आता मी शहाण्यासारखं लिहितो आहे. कॅसलरॉकला आलो तेव्हा यातलं निम्मंही मला ठाऊक नव्हतं.

मी खानापूरकडचा. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात चुलत्याच्या ओळखीनं घाटमाथ्यावर आलो. इथला तालुका तेव्हा सुप्याच्या नावानं होता. इथून रेल्वे बोगद्यांतून खाली गोव्यात उतरायची. खाली पोर्तुगीज, वर आपण, म्हणून स्टेशनात सामान तपासायला कचेऱ्या, नोकरांच्या चाळी, मोठी वर्दळ. रंगाऱ्याला काम भरपूर. पाट्या, बाकडी, साहेबांचे बंगले, जंगल ठेकेदारांच्या बैलगाड्या. दिवसात दोन दारं उरकणारा म्हणून माझं नाव होतं. त्या नावाचा मला गर्व होता.

मग खालची सरहद्द बंद झाली. गाड्या आमच्या स्टेशनात येऊन उलट फिरू लागल्या. गाव एकदम शांत झालं. त्या शांततेत एका सकाळी इनासबाबांचं बोलावणं आलं.

इनासबाब म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मूळचे गोव्याचे; पण नोकरीची सगळी वर्षं याच घाटात गेली. बायको वारलेली, स्टेशनामागच्या एका बैठ्या घरात एकटेच राहायचे. मी गेलो तेव्हा व्हरांड्यातल्या टेबलावर शिवणीच्या लाकडाचं एक इंजिन होतं. माझ्या हाताएवढं लांब. चिमणी, बॉयलर, ड्रायव्हरची खोली, मागं कोळशाची पेटी, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी सुरीनं आणि पटाशीनं कोरलेलं.

"रंग लावशील?" त्यांनी विचारलं. ते माझ्याशी मराठी बोलायचे, पण भरात आले की कोंकणी सुरू व्हायची.

"त्यात काय बाब, दुपारपर्यंत देतो."

दिलंही. काळा चकचकीत रंग, ब्रश भरून. लांबून झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी, रंग वाळल्यावर, इनासबाबांनी खिशातून मलमलचा जुना तुकडा काढला, बोटांवर घेतला आणि बॉयलरवरून अगदी हलक्या हातानं फिरवला. मग तुकडा माझ्या हातात दिला.

"तूं पळय."

मी नुसत्या बोटानं बघायला गेलो. त्यांनी हात धरला. "कापड घाल मदीं. कापडातल्यान बोटाक चड कळटा."

ही गोष्ट मला तोवर कुणी शिकवली नव्हती. उघडं बोट रंगाला चिकटतं, अडखळतं. मधे पातळ कापड असलं की ते सरकतं आणि केसाएवढा उंचवटासुद्धा जाणवतो. मी मलमल फिरवली आणि माझी मलाच लाज वाटली. ब्रशच्या रेघा, खाली ओघळ, चिमणीच्या बुडाशी रंगाचा गठ्ठा. काळा रंग मोठा चुगलखोर. पांढऱ्यात खपून जातं ते काळा ओरडून सांगतो.

"किती घासलें?" त्यांनी विचारलं.

"एकदा."

"घरच्या दाराक एकदा पुरो. हाका पुरो जायना. काड सगळें."

मला राग आला. लाकडाचं खेळणं ते, त्याला एवढं कशाला? मी तसं बोललोही. तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि आपल्या मुलीची हकीकत सांगितली.

मुलीचं नाव रोझलीन. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. आई वारल्यावर खाली गोव्यातल्या कुळ्यात मावशीनं तिला सांभाळलं. इनासबाब दर दोन-चार दिवसांनी गाडी घेऊन खाली जायचे तेव्हा भेट व्हायची. शिट्टी ऐकून ती सांगायची, पापाची गाडी की दुसऱ्याची. आता ती पंचविशीची होती. सरहद्द बंद झाल्यापासून भेट नाही. परवान्यासाठी त्यांनी अर्जावर अर्ज केले होते. पत्र यायचं ते कुठून कुठून फिरून, महिन्यांनी, मावशीच्या हातचं.

"एक दीस तिणें म्हाका विचारलें, पापा, इंजीन अख्खें कशें आसता? हांव सांगूंक पावलों ना. कशें सांगप? मागीर म्हळें, करूया. हातांत दिवया."

"पर बाब," मी म्हणालो, "तिला दिसत न्हाई तर रंग कशाला? नुसतं लाकूड घासून देतो की गुळगुळीत."

"इंजिनाक रंग आसता मोनू. तिका दिसना म्हूण आमी फट मारची?"

फट म्हणजे खोटं. दुसऱ्या दिवसापासून मी रंग काढायला बसलो.

ते काम मला पुढं दोन वर्षं पुरलं. बाकीची कामं सांभाळून आठवड्यातून एक-दोनदा जायचं. त्यात मी जे शिकलो ते पुस्तकात कुठं असेल तर मला माहीत नाही. सपाट जागेवर कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायचा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात. गोल बॉयलरला उलट ठोकळा चालत नाही. तिथं कागदाची पट्टी करायची आणि बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी ओढायची. कडांना शक्यतो हातच लावायचा नाही. कडेवर रंग आधीच पातळ बसतो, दोन घासांत खालचं लाकूड डोकावतं. पाण्यात भिजवून वापरायचा बारीक कागद मी बेळगावहून आणवला. पाण्यात साबणाचा एक तुकडा टाकला की कागद रंगाच्या भुशानं भरत नाही. आणि दाबायचं नाही. कागदाला त्याचं काम करू द्यायचं. हे शेवटचं शिकायला मला सहा महिने लागले.

कागदानं जमत नसे त्या कोपऱ्यांत आम्ही खरवतीची पानं वापरली. जंगलात भरपूर, मांजराच्या जिभेसारखी खरखरीत. अणशीकडचे सुतार लाकूड हस्तिदंतासारखं होईपर्यंत याच पानांनी घासतात, असं इनासबाब सांगायचे. सुकलेलं पान थोडं ओलं करून बोटाच्या टोकावर गुंडाळायचं.

याच दिवसांत एका लाकूड ठेकेदाराच्या बैठकीचं काम मी घेतलं होतं. नव्या सवयीनं मी दाराचा प्रत्येक हात घासला, आरशासारखं दार करून दिलं. ठेकेदार आला, हात फिरवला, आणि त्याचं तोंड उतरलं.

"रंग लावलास का न्हाई रं?"

"तीन हात दिलेत, सावकार."

"मग लागत का न्हाई हाताला? पैसं मोजलं ते दिसाया नको व्हय?"

शेवटी त्याच्या समाधानासाठी वरून एक जाड हात मारून दिला, ब्रशच्या रेघांसकट. तो खूश झाला. मी घरी येताना वाटभर एकटाच हसत होतो. त्याच्या आधीच्या वर्षी तेच दार मी स्वतः त्या रेघांसकट अभिमानानं दिलं असतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची नसती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

कोळशाच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटच्या रांगा असतात. लोखंडाचे पत्रे जोडायला ठोकलेल्या खिळ्यांची ती गोल डोकी. इनासबाबांनी त्या रांगा सरसानं केल्या होत्या. सुईच्या टोकावर गरम सरसाचा एक थेंब घ्यायचा, लाकडावर टेकवायचा, सुकू द्यायचा. एका वेळी एक. डोळा थोडाफार शाबूत होता तेव्हा एक अख्खा पावसाळा त्यांचा त्यात गेला होता. आता त्यांना सुईच दिसत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात हवा इतकी दमट झाली की आठ-आठ दिवस रंग वाळेना. माझ्या घरी चूल असायची, माजघर उबदार. म्हणून कोळशाची पेटी सुटी करून मी घरी नेली. काळ्या रंगाचा हात दिला आणि चुलीपासून हातभर लांब ठेवली. सकाळी बघतो तर पंखवाल्या मुंग्या उजेडाला येऊन ओल्या रंगात पडलेल्या. दोन्ही बाजू भरून. पंख, पाय, सगळं रंगात रुतून वाळलेलं.

मी ठोकळा घेतला, बारीक कागद, साबणपाणी. एकेक मुंगी वेगळी काढायला हवी होती, नखानं, सुरीच्या टोकानं. पण हात सरावला होता. मोठ्या मजेत घासत गेलो. बाहेर अंधारून आलं होतं, डोळ्यांनी बघत नव्हतोच, हाताखाली गुळगुळीत होत जातंय एवढंच कळत होतं आणि तेच सुख होतं. दुसरी बाजूही तशीच काढली. मग फडक्यानं पुसलं.

पेटी आरशासारखी झाली होती. मुंगी एक राहिली नव्हती. रिव्हेटही एक राहिला नव्हता. वरचा रंग कापला गेला आणि खालचा सरस पाण्यात विरघळून गेला.

माझी बायको सत्यवा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "हात का थांबला वो?"

"बाबाचं रिव्हेट गेलं."

"गेलं म्हंजे?"

"घासलं मी."

ती उठून आली. पिठाच्या बोटानं नाही, मनगटाच्या मागल्या बाजूनं तिनं पेटीवर हात फिरवला. "सगळं?"

"सगळं."

"मग जावा, सांगा त्यास्नी."

"काय सांगू? त्यास्नी आता हे परत करायला येतंय व्हय?"

"आपुन करू. पर सांगायचं ते सांगायचंच."

मी सांगितलं नाही. इनासबाबांकडे गेलो आणि म्हणालो, पावसानं रंग वाळत न्हाई, आठ दिवस लागतील. ते म्हणाले, "वाळूं दी. घाई कसली?" आणि मला कॉफी दिली. मी ती अर्धी ठेवून उठलो.

घरी येऊन सरस करून बघितला. माझ्या हातून थेंब कधी मोठा, कधी लहान, रांग नागमोडी. टाचणीची डोकी कापून बघितली, तीही मोठी पडली. सत्यवानं नाचणीचे दाणे आणून ठेवले.

"ह्ये रिव्हेट न्हवं, घामोळं दिसतंय," मी म्हणालो.

तिनं दाणे परत डब्यात ओतले. मग फळीवरची एक पुडी घेऊन आली. गणपतीच्या गोडासाठी ठेवलेली खसखस.

सत्यवा वाकळा शिवायची. साऱ्या चाळीत तिच्या टाक्याला तोड नव्हती. तिनं पेटीवर एक धागा ताणून बांधला, म्हणजे रांग सरळ धरता येईल. सुईचं टोक व्हार्निसात बुडवायची, त्यावर खसखशीचा एक दाणा उचलायची आणि धाग्याच्या कडेनं ठेवायची. व्हार्निस पाण्याला दाद देत नाही, म्हणून सरस सोडून ते घेतलं. दाणा ठेवताना ती श्वास धरायची. मी शेजारी बसून निवडलेले सारखे दाणे ताटलीत काढून द्यायचो, एवढंच माझं काम. मधेच तिला शिंक आली की सगळं सोडून अंगणात पळायची. चार दिवस लागले. वर पातळ रंगाचे दोन हात मी दिले, आणि त्या इंजिनावर पहिल्यांदा एखादा हात न घासता तसाच ठेवला.

आठव्या दिवशी पेटी घेऊन गेलो. सत्यवा म्हणाली, मीबी येते. मी तिला नको म्हणालो.

इनासबाबांनी मलमल घेतली. वरची बाजू झाली, मागची झाली. मग रिव्हेटच्या रांगेवर बोटं आली. शेवटपर्यंत गेली, परत आली. मधे थांबली.

"मोनू, हें सरसाचें न्हय."

त्यांनी बोट परत एका रिव्हेटवर नेलं.

"सरसाचो थेंब वयल्यान चपटो पडटा. हें वाटकुळें आसा. कोणें केलें?"

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो. मग एकदम सगळं बाहेर पडलं. मुंग्या, ठोकळा, साबणपाणी, सगळं. "तुमचं मी घासून टाकलं बाब. आठ दिवस खोटं बोललो."

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. पत्र्यावर पाऊस पडत होता. मला वाटलं, आता म्हणतील उठ आणि परत येऊ नको.

"कितें घातलां?"

"खसखस."

"खसखस?" त्यांची भिवई वर गेली. "मुयो लागल्यो जाल्यार?"

"वरनं दोन हात रंग हाय. मुंगी शिरायची न्हाई."

"मोजल्यात?"

"न्हाई वो. तुमी मोजलं होतं?"

"पयलीं मोजतालों. मदीं चुकलों. मागीर सोडून दिलें." त्यांना हसू आलं, पण ते लगेच मावळलं. "चूक करपाक तुका अर्दो तास लागलो मोनू. सांगपाक आठ दीस. इंजिनार असो मनीस हांव घेंवचो ना."

हे बोलणं ओरडून आलं असतं तर मी विसरलो असतो. ते हळू आवाजात आलं. आज सत्यवा नाही, बाब नाहीत, आणि ते वाक्य अजून तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यवाला बोलावून घेतलं. स्वतः कॉफी करून दिली. ड्रायव्हरच्या खोलीवर त्यांनी रिव्हेट केलेच नव्हते, डोळ्यांनी तोवर दगा दिला होता. त्या रांगा त्यांनी तिच्याकडून करून घेतल्या. ती खसखस लावत बसली की ते समोर बसून कुठला रिव्हेट कुठं येतो ते आठवून सांगायचे. मला त्या दिवसांत कागदाला हात लावायची परवानगी नव्हती.

इंजिन पुरं झालं आणि जाळीच्या कपाटात जाऊन बसलं. सरहद्द उघडली नाही. दर पावसाळ्यानंतर रंगावर बुरशीची साय धरायची. इनासबाब बोलवायचे, मी ओल्या मऊ फडक्यानं पुसून द्यायचो. कधी त्यांना बॉयलरवर काहीतरी लागायचं, मला लागायचं नाही, तरी मी तेवढी जागा घासून नवा हात देत असे. वर्षं गेली. त्यांना माणूस फक्त सावलीसारखा दिसू लागला. मावशीच्या पत्रांची उत्तरं त्यांच्या सांगण्यावरून मी लिहायला लागलो. प्रत्येक पत्रात ते सांगायचे, इंजीन जालां म्हूण बरय, म्हणजे लिही. रोझलीनचं उत्तर यायचं, पापा, माका पळोवपाचें आसा. आंधळी मुलगी 'बघायचंय' असंच म्हणायची.

मग एका डिसेंबरात गोवा मोकळा झाला. गाडी सुरू व्हायला आणखी थोडा काळ गेला. गाडी येणार त्या दिवशी इनासबाब ठेवणीतला कोट घालून माझ्या खांद्यावर हात ठेवून स्टेशनात उभे होते. मावशीचा हात धरून रोझलीन उतरली. तिशी ओलांडलेली, उंच, चेहऱ्यावर देवीचे वण. बाप अंदाजानं पुढं झाला, तीही अंदाजानं पुढं झाली, आणि दोघं एकमेकांना अर्ध्या हातानं चुकली. मावशीनं दोघांना धरून जवळ आणलं. मी तिकडं पाठ करून उभा राहिलो.

घरी आल्यावर त्यांनी मला आणि सत्यवाला थांबवून घेतलं. इंजिन टेबलावर आणलं. इनासबाबांनी तिच्या हातात मलमलचा तुकडा दिला. तिनं तो बाजूला ठेवला. तिची बोटं आमच्यासारखी जड नव्हती.

तिनं पुढून सुरुवात केली. चिमणी. बॉयलर. चाकं एकेक मोजली. मग ड्रायव्हरची खोली, तिथं आत बोट घालून ती म्हणाली, "पापा, तूं हांगा उबो रावतालो?" ते हो म्हणाले. मग कोळशाची पेटी आली. रांगेवरून तिचं बोट सरकत गेलं, शेवटपर्यंत. सत्यवानं माझा दंड घट्ट धरला होता.

"हें कितें?"

"रिव्हेट," इनासबाब म्हणाले. "ह्या बायेन केल्यात." आणि त्यांनी सत्यवाकडे, म्हणजे ती असेल असं त्यांना वाटलं त्या बाजूला, हात केला.

रोझलीननं परत सगळीकडून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण मधेच कपाळाला आठी पडली. कुठं राहिलं? कुठली कड, कुठला ओघळ?

"पापा, हें इंजीन थंड कशें?"

ती सांगू लागली. लहानपणी कुळ्याच्या स्टेशनात बाप तिला उचलून इंजिनाच्या अंगाला हात लावू द्यायचा. लांबूनच, पटकन. तेवढंच इंजिन तिला ठाऊक होतं, आणि ते नेहमी गरम असायचं.

इनासबाब खुर्चीतून उठले. टेबल चाचपलं, इंजिन छातीशी धरलं आणि भिंतीच्या आधारानं व्हरांड्यात निघाले. मी धरायला गेलो तर त्यांनी कोपरानं मला बाजूला केलं. बाहेर पायरीवर ऊन होतं. तिथं त्यांनी इंजिन ठेवलं आणि शेजारी बसले. रोझलीन पलीकडे बसली. आत मावशीनं ताटं मांडली होती. तिनं दोनदा हाक मारली, जेवण निवतंय म्हणाली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

दर थोड्या वेळानं ती हात लावून बघायची आणि म्हणायची, "ना. अजून ना."

ऊन चढलं. मग एकदा तिनं हात लावला आणि काढलाच नाही. खाली वाकून तिनं गाल बॉयलरला टेकवला.

"आतां चलता," ती म्हणाली.